सरळ सहामधला पहिला

१

सरळ सहा मरत नाही, असं औरंगाबादेत तेव्हा कुणीही छातीठोकपणे सांगायचं. मला या वाक्याची चीड होती. मी विमा कंपनीचा सर्वेअर, मेलेल्या गाड्या तपासायच्या हाच माझा धंदा. न मरणारं इंजिन मी तरी अजून पाहिलेलं नाही.

तरी लोकांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं, हेही कबूल करतो. सहाही सिलिंडर एका ओळीत उभे असले की एका पिस्टनचा झटका दुसरा परस्पर खाऊन टाकतो. इंजिन थरथरत नाही, म्हणून झिजतंही कमी. जीपचं चार सिलिंडरचं इंजिन नुसतं उभं असलं तरी दात वाजवतं. व्ही आठमध्ये चार-चार सिलिंडर दोन तिरप्या ओळींत, ताकद रग्गड, पण डोकं लगेच तापतं. सरळ सहा मात्र शांत. नवाबभाईंची जुनी अमेरिकन टॅक्सी अशीच सरळ सहा होती. सगळे तिला 'म्हातारी' म्हणायचे. निजामाच्या राज्यात आलेली, पोलीस ॲक्शन पाहिलेली, आणि एकाहत्तर साल उजाडलं तरी पाहुणे घेऊन अजिंठ्याला जाणारी.

ती म्हातारी आता ठाण्याच्या आवारात पडली होती आणि तिच्या इंजिनच्या कुशीला नारळ मावेल एवढं भगदाड होतं. फर्दापूरला पाहुणे उतरवून रिकामी परत येताना घाटाच्या चढावर इंजिन जाम झालं. एक रॉड तुटून भिंत फोडून बाहेर आला, मागची चाकं आवळली गेली आणि ऐन वळणावर गाडी घसरून दरीत गेली. ड्रायव्हर सांडू जागीच गेला. लग्नाला आलेला, हसरा पोरगा होता.

फौजदार तरुण होते. अजून कुणाला आत टाकलं की त्यांना झोप लागत नसे, म्हणून मला आवडायचे.

"साहेब, मला इंजिनातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "तुम्ही एकच सांगा. चूक, की मुद्दाम? आदल्या दिवशी हे इंजिन ज्यानं बसवलं, तो मजीद मिस्त्री माझ्या कोठडीत आहे. तुम्ही चूक म्हणालात तर घरी जाईल. मुद्दाम म्हणालात तर खुनाचा गुन्हा."

"तो काय म्हणतो?"

"काहीच नाही. तोंडच उघडत नाही."

तेवढ्यात फाटकापाशी गलका झाला. हवालदाराला बाजूला सारून एक म्हातारा आत आला. काळे पडलेले हात, डोळे सुजलेले. हा कडूबा मिस्त्री. शहागंजाकडच्या गल्लीत याचं गॅरेज, मजीद याचाच शागीर्द. आणि मेलेला सांडू याचाच मुलगा.

"साहेब, तपासायचं काय त्याच्यात?" तो मला म्हणाला. "सरळ सहा आपली आपण मरत नसती. माझ्या पोराला मजीदनं मारलं. तसं लिवा आन् मोकळे व्हा."

२

मी तसा चिडका माणूस आहे. काय लिहायचं ते कुणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. पण बापापुढं कसलं डोकं फिरवणार. मी त्याला घेऊन त्याच्याच गॅरेजवर गेलो.

वाटेत त्यानं सगळं सांगितलं. म्हातारीच्या पोटातून टकटक येऊ लागली होती. त्यानं खालचं तेलाचं चेंबर उतरवून बेरिंगं आवळायला घेतली. पिस्टनचा रॉड खाली क्रँकला, म्हणजे फिरत्या दांड्याला, धरून ठेवणारी लोखंडी टोपी असते. सहा सिलिंडर, म्हणून टोप्याही सहा. जुन्या इंजिनात टोपी आणि रॉड यांच्यामध्ये कागदासारख्या पातळ पत्र्या घालून बेरिंग जमवावं लागतं. कुठं एक पत्री कमी, कुठं दोन जास्त. एका रॉडची टोपी दुसऱ्याला चालत नाही, चपलेचा जोड असतो तसं.

"एकेक टोपी म्या हातानं जमवली," कडूबा म्हणाला. "पत्र्यांसगट ओट्यावर पोत्याच्या तुकड्यावर ओळीत मांडली. निस्ती चढवायची राह्यली होती. तेवढ्यात वैजापूरहून निरोप आला, मेव्हणा गेला म्हणून. घरच्या मंडळीला घेऊन निघालो. दुसऱ्या दिशी गाडीला पाहुणे होते. सांडू मोटार स्टँडवर सोडाया आला तवा त्याला म्हनलं, मजीदला सांग, पहिल्यापासून चढव म्हणाव."

"टोप्यांवर नंबर नव्हते?"

"खुणा लई होत्या. इतक्यांदा उघडलंय ते इंजिन की खुणेवर खूण. कोणती खरी, कोणती खोटी, माझ्याच ध्यानात नाय. म्हणून तर मांडून ठिवलं."

"मजीदला सांडूचा राग होता?"

"व्हता. म्या आधी म्हनलं होतं गॅरेज मजीदला देतो. सांडूला गाडी चालवायचा नाद, मिस्त्रीकाम त्याला नको होतं. मंग लग्नाचं निघालं आन् सांडूचं मन फिरलं, गॅरेज मलाच पायजे म्हनला. पोराला नाय कसं म्हणू? मजीदला म्हनलं, राहू दे. त्यो काय बोलला नाय. पर त्या दिवसापासून पोरांचं एकामेकाशी बोलणंच तुटलं."

ओट्यावर आता नुसतं तेलाचं पोतं होतं. भिंतीवर तीन माणसांचा फोटो टांगलेला, मागं म्हातारी उभी.

"त्यो पहिला नवाबभाई, मधी सांडू, तिसरा मजीद," कडूबा न बघताच म्हणाला. मी पाहिलं. पहिला किडकिडीत, कुरळ्या केसांचा, तिसरा धिप्पाड आणि मिशाळ. मिशाळ माणसाकडं पाहून मी मनात म्हटलं, बरोबर, हा घण उचलणारा दिसतोच आहे.

ठाण्यावर परत आलो आणि म्हातारीच्या पोटाखाली आडवा झालो. कडूबाची पद्धत मला लगेच कळली. रॉड आणि टोपी जुळवून तो दोन्हींवरून एकदम कानस फिरवायचा, त्यामुळे कानशीच्या रेघा सांध्यावरून अखंड जायला हव्यात. बसवणाऱ्याला तेलाच्या थरात आणि गाडीखालच्या अंधारात त्या दिसल्या नसणार. मी रॉकेलनं धुऊन पाहिल्या. पहिल्या रॉडवर रेघा तिरप्या, त्याच्या टोपीवर सरळ. दुसरा रॉड तुटलेला होता, पण त्याचं टोपीकडचं तोंड शाबूत. तिथंही तेच. तिसऱ्यालाही तेच. शेवटपर्यंत एकही जोड जुळेना.

चुकून गल्लत झाली तर एखाद-दुसरी टोपी चुकते. चार तरी आपल्या जागी बसतातच. सहाच्या सहा चुकवायला डोकं लागतं.

मी उठलो, हात पुसले. फौजदार माझ्या तोंडाकडं बघत होते.

"मुद्दामच दिसतंय," मी म्हणालो. बोललो आणि लगेच वाटलं, फार लवकर बोललो.

३

एकदा जीभ घसरली की मला चैन पडत नाही. फौजदारांकडून संध्याकाळपर्यंतची सवलत मागितली आणि नवाबभाईंच्या टॅक्सी स्टँडवर गेलो.

तिथं कडुनिंबाखाली बाजेवर बसलेल्या धिप्पाड, मिशाळ माणसाला मी म्हणालो, "नवाबभाई कुठं आहेत?"

"मैं ही हूँ नवाब. बसा, साहेब."

मी गोंधळलो. फोटोतला नवाब हा नव्हता. पण फोटो जुना असणार, माणसं सुटतात, मिशा वाढवतात. माझी चेहऱ्यांची स्मरणशक्ती यथातथाच आहे, बायको त्यावरून रोज बोलते. मी विषय सोडून दिला.

नवाबभाईंनी चहा मागवला, पण स्वतः घेतला नाही. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "साहेब, उसको मैंने मारा. मजीदला सोडून द्या."

"कसं काय?"

"तेल. इंजिन उघडलं म्हणजे नवीन तेल घालायला पाहिजे. मी दुसऱ्या गाडीचं काढलेलं तेल गाळून घातलं. मनात म्हनलं, म्हातारी आहे, सरळ सहा आहे, कायपण पिते. हा गुन्हा माझाच." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "सांडू मला चाचा म्हणायचा."

मी तेल पाहिलं होतं. काळं होतं, पण रॉड तोडण्याइतकं वाईट नव्हतं. तसं त्यांना सांगितलं. त्यांना ते ऐकू आलं की नाही, कोण जाणे. माणसाला आपला दोष सापडला की तो सहजी सोडत नाही.

समोरच आप्पासाहेबांचा बंगला. त्यांच्याकडं एका जहागीरदाराची व्ही आठ होती आणि तीही पर्यटकांना घेऊन फिरायची. सरळ सहा श्रेष्ठ की व्ही आठ, यावरून हे आणि नवाबभाई एकमेकांशी इतकी वर्षं भांडत आले होते, की त्यांची दोस्तीच त्यावर टिकली होती. आप्पासाहेबांचं तोंड वाजतं असं सारा गाव म्हणायचा. त्या दिवशी ते ओसरीवर गप्प बसून होते.

"तुम्ही आला हे बरं झालं," ते म्हणाले. "मला कुणाला तरी सांगायचंच होतं. त्या दिवशी सकाळी निघताना मी सांडूला डिवचलं. म्हणालो, तुझी म्हातारी अजिंठ्याचा घाट टॉप गिअरवर चढली तर माझी गाडी मी भंगारात देतो. त्याचा चेहरा लाल झाला होता. त्यानं तेच केलं असणार. रिकामी गाडी, समोर चढ. इंजिनवर सगळा भार टाकला असणार. मी थट्टा केली हो. एवढीच थट्टा."

"थट्टेनं रॉड तुटत नाही, आप्पासाहेब. टोप्या चुकल्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या."

ते एकदम सावरून बसले. इंजिनचा विषय निघाला की या माणसात जीव यायचा. "सगळ्या? आणि बसल्या कशा?"

"का नाही बसणार?"

"आमच्या व्ही आठमध्ये नसत्या बसल्या. तिथं डाव्या ओळीचे आणि उजव्या ओळीचे रॉड एकाच पिनेला चिकटून असतात, एकाचं तोंड एका बाजूनं घासलेलं, दुसऱ्याचं दुसऱ्या बाजूनं. चुकीची टोपी लावली तर हाताला लगेच कळतं. तुमच्या सरळ सहाची हीच तर गंमत आहे. पुढून बघा, मागून बघा, सारखंच. त्याला डावं-उजवं काही नाहीच."

मी उठून उभा राहिलो. मघापासून मी सहा टोप्या चुकल्या, सहा चुकल्या असं म्हणत होतो. त्या कशा चुकल्या, हे बघायचंच राहून गेलं होतं.

४

ठाण्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. फौजदारांनी कागद पुढं ओढून लिहायला सुरुवात केली होती. मी म्हणालो, "थांबा. आधी मला त्याला भेटू द्या."

कोठडीचं दार उघडलं. कोपऱ्यात भिंतीला टेकून एक किडकिडीत, कुरळ्या केसांचा तरुण बसला होता.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. हा फोटोतला पहिला होता. माझा नवाब.

माझी स्मरणशक्ती शाबूत होती तर. कडूबानं 'पहिला नवाब' म्हटलं, ते उजवीकडून. मी मोजलं डावीकडून. मधला सांडू दोन्ही बाजूंनी मधलाच, म्हणून घोटाळा लक्षातही आला नाही.

मी खाली बसलो. "मजीद, मी पोलीस नाही. इंजिन बघणारा माणूस आहे. टोप्या तू बसवल्यास?"

"व्हय. माझ्याच हातानं."

"तुझ्या मनानं?"

"उस्तादनं मांडल्या होत्या तशाच. एक टोपी इकडची तिकडं केली नाय."

"मग क्रँक फिरवून बघितला नाहीस?"

"बघितला की. जड होता. पण बेरिंग आवळलं की जड लागतंच, दोन-चार दिवसांत सुटतं. मी आधी जीपच्या गॅरेजला होतो. तिथं टोप्यांवर कंपनीचे नंबर असायचे, चुकायचा सवालच नव्हता. म्हातारीला मी पहिल्यांदाच हात लावला." मग एकदम म्हणाला, "आणि पहिली कोणती, ते मी कोणाला विचारलं नाय. माझं मीच धरलं."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. मी तसं विचारलंच नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. तो कुणाला तरी वाचवत होता, आणि इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस मी क्वचितच पाहिलाय.

"तू शाळेत कुठं होतास?"

"फुलंब्रीकडं. आमच्या गावात मराठीच शाळा होती. का?"

"काही नाही," मी म्हणालो आणि आवारात धावत गेलो. धावणं मला शोभत नाही, पोट आहे. म्हातारीखाली शिरून सहाव्या रॉडची टोपी पहिल्याला लावून धरली. कानशीच्या रेघा सांध्यावरून सरळ पार गेल्या. पाचव्याची टोपी त्या तुटक्या दुसऱ्या रॉडला लावली, तीही चपखल. मग तिसऱ्याला चौथ्याची. सगळी ओळच्या ओळ आरशात पाहिल्यासारखी उलटी बसवलेली होती. यात कुणाचं डोकं चाललेलं नव्हतं. ज्यानं मांडलं त्यानं एका टोकापासून मांडलं, ज्यानं उचललं त्यानं दुसऱ्या टोकापासून उचललं, एवढंच.

दुसऱ्या रॉडला नेमकी सगळ्यात कमी पत्र्यांची टोपी गेली होती. तीच आवळली, तापली आणि घाटात जाम झाली.

आता मजीद सुटत होता. आणि ज्याच्या मांडणीमुळं सुटत होता, तो म्हातारा बाहेर फाटकापाशी, मी 'खून' हा शब्द लिहिला की नाही, याची वाट बघत बसला होता. खरं सांगतो, क्षणभर वाटलं, नुसतं 'चूक' म्हणावं आणि जेवायला घरी जावं.

५

पण नुसतं 'चूक' कडूबानं मानलं नसतं. साऱ्या गल्लीत मजीद जन्मभर खुनीच राहिला असता.

फौजदारांच्या खोलीत सगळ्यांना बसवलं. कडूबा, त्याची बायको आवडाबाई, मजीद. आवडाबाई बारीक, पदर घट्ट ओढून बसलेली. टेबलावर मी सहा टोप्या धुऊन ठेवल्या होत्या.

"कडूबा, त्या दिवशी पोत्यावर कशा मांडल्या होत्या, तशा मांडून दाखव."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्याला नाचायला सांगितलं. पण हात आपोआप पुढं आला. पहिली टोपी त्यानं टेबलाच्या उजव्या कडेला ठेवली. दुसरी तिच्या डावीकडं. तिसरी आणखी डावीकडं. हात पाण्यासारखा चालत होता.

"तुझी शाळा कुठली?" मी विचारलं.

"शाळा? हितलीच. ॲक्शनच्या आधी हितं उर्दूच होती की. चार बुकं शिकलो. मराठी मला आजबी धड वाचता येत नाय." तो मान वर न करता बोलला. "उस्तादबी माझा हैदराबादचा. त्यानं शिकिवलं तसं मांडतो."

"आणि मजीदची शाळा मराठी," मी म्हणालो. "कडूबा, उर्दू लिहितात तसं तू उजवीकडून मांडलंस. त्यानं डावीकडून उचललं. सहाच्या सहा उलट्या बसल्या. व्ही आठ असती तर बसल्याच नसत्या. सरळ सहाला पुढं-मागं सारखंच, म्हणून निमूटपणे बसल्या."

फौजदारांनी लेखणी खाली ठेवली.

कडूबा टोप्यांकडं बघत राहिला. एक टोपी त्यानं उचलली, बोटानं कानशीच्या रेघा चाचपल्या, परत ठेवली. मग मजीदकडं वळला. आवाजात राग शिल्लक होता, पण त्याला आता जागाच उरली नव्हती.

"तू विचारायचं व्हतंस ना मला? पहिली कोणती?"

"त्यानं विचारलं होतं," मी म्हणालो. "तुला नाही, तू वैजापूरला होतास. ज्याच्या हाती तू निरोप दिलास, त्याला विचारलं. हो ना, मजीद?"

मजीदनं मान खाली घातली. "सांडू आला, म्हणाला, बा म्हणलाय पहिल्यापासून चढव. मी विचारलं, पहिली कोणती? आमचं बोलणं बंद होतं ना, तो तिथं थांबायला तयार नव्हता. ओट्याजवळ गेला, डाव्या टोकाच्या टोपीवर बोट ठेवलं. म्हणाला, पहिली म्हणजे पहिली, अजून काय? आणि गेला."

आवडाबाईच्या तोंडून हुंदका निघाला. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला.

"मंग हे आधी का नाय बोललास?" कडूबानं विचारलं. "तुला खुनी म्हनलं म्या. सगळ्यांदेखत म्हनलं."

"तुमचा पोरगा गेला, उस्ताद. त्यात मी म्हणू, त्याच्याच बोटानं गेला? मला वाटत होतं चूक त्याची हाय. त्यानं नीट बघितलं नाय, असं वाटत होतं. तुमच्यावर तर माझा खयालच गेला नाय. तुमी चुकत नाय."

कडूबा माझ्याकडं वळला. "साहेब, खरं सांगा. तुमी पहिली कोणती धरली असती?"

खोटं बोलता आलं असतं तर फार बरं झालं असतं. "डावीकडची."

"म्हंजे सांडूचं काय चुकलं नव्हतं."

"नव्हतं."

"मजीदचंबी नाय."

कडूबा उठला. तो फौजदारांसमोर जाऊन उभा राहिला, दोन्ही मनगटं जोडून. "मंग मला घ्या."

फौजदार खुर्चीतून उठले. तरुण माणूस, त्याला असं काही शिकवलेलं नसतं. "बाबा, याला कलम नाही. कुणी उजवीकडून मांडलं म्हणून मी त्याला आत टाकू शकत नाही. जा तुम्ही घरी."

"घरी?" कडूबा म्हणाला. "ज्या हातानं पोर मारलं, त्यो घिऊन घरी जाऊ?" तो तिथंच फरशीवर बसला. त्याला रडूही येईना. मला त्याची इतकी दया आली की मी खिडकीकडं तोंड केलं.

आवडाबाई उठली. ती नवऱ्याकडं गेली नाही. मजीदपुढं जाऊन उभी राहिली आणि कोठडीत मळलेली त्याची बाही झटकू लागली.

"म्याच त्याला स्टँडवरनं लवकर पळिवलं," ती म्हणाली. "बाप अजून काय तरी सांगत होता, तर म्या म्हनलं, जा लवकर, मजीद वाट बघत आसंल, भांडणं पुरे झाली तुमची. थांबला असता तर विचारलं असतं त्यानं." मग डोळे पुसून म्हणाली, "तू जेवला नाय वाटतं. चल घरी."

मजीदनं खाली बसलेल्या उस्तादाकडं पाहिलं. जागचा हलला नाही.

"मला काय बघतूस?" कडूबा पुटपुटला. "म्या कोणत्या तोंडानं म्हणू?"

"ज्या तोंडानं ह्याला खुनी म्हनलात, त्याच तोंडानं म्हणा," आवडाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. पण ती तिथून हलणार नाही, हे सगळ्यांना कळलं.

कडूबानं ओठ हलवले. मग म्हणाला, "मजीद, घरी चल, बाबा."

मजीद पुढं आला आणि त्याच्यासमोर उकिडवा बसला. आता कुठं त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"येतो, उस्ताद. पण मी आत बसून रोज त्याला शिव्या घातल्या," तो म्हणाला. "मनातल्या मनात. म्हणायचो, मरून गेलास आणि मला अडकवून गेलास, एक टोपी तुला धड दाखवता आली नाय. मेलेल्या दोस्ताला म्हणायचो हे. आणि त्याचं काही चुकलंच नव्हतं. त्याची माफी मी आता कोणाकडं मागू?"

कडूबानं त्याचं मनगट धरलं आणि तसाच बसून राहिला. मी टोप्या गोळा करायला लागलो, तर माझाही हात आधी उजवीकडं जावा की डावीकडं, हे मला ठरवता येईना.